एका दगडाच्या दोन बाजू : मंगोलियातले ओर्खोनचे शिलालेख

मंगोलियाला जाऊन आलो म्हटलं की सगळे चंगेज खानाबद्दल विचारतात. बघितला, घोड्यावर बसलेला चाळीस मीटरचा चकचकीत स्टीलचा पुतळा आहे, आत लिफ्ट आहे, घोड्याच्या डोक्यापर्यंत जाऊन सेल्फी काढता येतो. पण आमचं जाण्याचं कारण तो नव्हता. त्याच्या जवळजवळ पावणेपाचशे वर्षं आधी त्याच गवताळ मुलखात तुर्क लोकांचं राज्य होतं, आणि त्यांनी आपल्या मेलेल्या (आणि एका जिवंत!) माणसांसाठी दगड उभे करून त्यांवर स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या लिपीत पानंच्या पानं लिहून ठेवलीत, ते बघायचे होते. हे वेड मूळचं आत्याचं. आत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण, शाळेतून रिटायर झाल्यावर पुण्यात आधी मोडी शिकली, मग ब्राह्मी, आणि आता कुठल्याही लेण्यात नेलं की आम्ही पाण्याची बाटली घेऊन उन्हात उभे आणि ही भिंतीला नाक लावून. ट्रिप ऑगस्ट २०१९ ची आहे, त्यामुळे रस्ते, म्युझियम वगैरेचं जे लिहितेय ते तेव्हाचं समजा.

सोमवार, उलानबातर

पोचलो, झोपलो, जेवलो. शहराबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, ट्रॅफिक आपल्या हिंजवडीला लाजवेल असा, आणि गंमत म्हणजे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात पण निम्म्या गाड्या जपानहून आलेल्या सेकंडहँड, म्हणजे स्टिअरिंगही उजवीकडेच. ओव्हरटेक करताना ड्रायव्हरला समोरचं दिसत नाही, शेजारी बसलेल्याला दिसतं. नवऱ्याने पुढची सीट धरली आणि आठवडाभर सोडली नाही.

मंगळवार, तोन्युकुक

सकाळी शहराच्या आग्नेयेला निघालो, नालैख नावाचं जुनं कोळसा खाणीचं गाव लागतं, त्याच्या पुढे उघड्या माळावर बायन त्सोक्त म्हणून जागा आहे. तिथे काही नाही. म्हणजे खरंच काही नाही, गवत, टेकड्या, लांबवर घोडे, आणि एका लोखंडी कुंपणात दोन चौकोनी दगडी खांब, माणसापेक्षा उंच, चारी बाजूंनी खरवडल्यासारखी अक्षरं. आजूबाजूला जुन्या बांधकामाचे अवशेष, नक्षीच्या शिळा, डोकी उडालेले एकदोन दगडी पुतळे, आणि पूर्वेकडे गेलेली उभ्या दगडांची रांग.

तोन्युकुक हा दुसऱ्या तुर्की खानतीचा (खानती म्हणजे खागानचं, त्यांच्या राजाचं, राज्य) प्रधान. आणि हा लेख त्याने स्वतःच लिहून घेतलाय, ७२० च्या आसपास, म्हातारपणी, सगळं 'मी' मध्ये. सुरुवातच अशी की मी शहाणा तोन्युकुक, माझी घडण चीनच्या राज्यात झाली, तेव्हा तुर्क लोक चीनच्या ताब्यात होते. मग सांगतो की रानावनात उरलेसुरले लोक गोळा झाले ते सातशे, त्यातले दोन हिस्से घोड्यावर आणि एक हिस्सा पायी, आणि त्यांचा पुढारी होता त्याला राजा करावं का, हा विचार मी केला. राजाने प्रधान नेमला असं नाही हं, प्रधानाने विचार करून राजा नेमला! लांबून बघितल्यावर बैल लठ्ठ आहे की रोड आहे ते कळत नाही म्हणतात, असा मी विचार केला, असं चक्क दगडावर कोरलंय. पुढे सगळ्या लढायांत हाच. रात्री झोपलो नाही, दिवसा बसलो नाही, तांबडं रक्त सांडलं, काळा घाम गाळला, आणि शेवटी, मी नसतो तर हे राज्यही नसतं आणि लोकही नसते.

आत्या म्हणाली, "हा आमच्या हेडमास्तरांसारखा आहे, निरोप समारंभाचं भाषण स्वतःच लिहून आणलेलं."

पण माणूस होता हुशार, हे मानायला लागेल. त्याचं एक वाक्य आहे, पातळ असतं तोवर भोसकणं सोपं, बारीक असतं तोवर मोडणं सोपं, पातळाचं जाड झालं की मग पराक्रमी माणूस लागतो, म्हणजे सगळे शत्रू एक व्हायच्या आत एकेकाला गाठा. आणि चिनी बखरींमध्ये त्याची अजून एक गोष्ट आहे जी या दगडावर नाही. राजा बिल्गे खागान याला वाटलं आपणही तटबंदीचं शहर बांधावं, बुद्धाची आणि लाओत्झूची (ताओ पंथाचा गुरू) देवळं बांधावीत. तोन्युकुक म्हणाला, नको. आपण संख्येने चीनच्या शंभराव्या हिश्शाएवढेही नाही, टिकलोय ते गवतपाण्यामागे हिंडतो म्हणून, जोर असला की चाल करायची, नसला की डोंगरात पळायचं, शहरात कोंडून घेतलं की एका पराभवात संपलो. आणि ती देवळं माणसाला मवाळपणा शिकवतात, लढणं नाही. राजाने ऐकलं. ऐकणारच म्हणा, तोन्युकुक त्याचा सासरा होता.

हे दगड जगाला कळले १८९७ मध्ये, येलिझावेता क्लेमेंत्स या बाईमुळे. तिचा नवरा दिमित्री क्लेमेंत्स नावाजलेला संशोधक, पण हा शोध तिचा. अक्षरं हाताने चाचपता येतील इतकी जवळ होती (चाचपू नका, आम्हीही नाही चाचपली). काही ठिकाणी खपली निघाल्यासारखी अक्षरं उडालीत. तेराशे हिवाळे उघड्यावर काढलेत, तिथे उणे तीसच्या खाली जातं.

बुधवार, खारखोरिनकडे

साडेतीनशे किलोमीटरच्या वर ड्राइव्ह. रस्ता डांबरी आहे पण खड्डे आले की ड्रायव्हरदादा सरळ गवतात उतरायचे आणि समांतर मातीच्या वाटेने चालवायचे. दर खिंडीत ओवो लागतो, म्हणजे दगडांची रास आणि तिला बांधलेली निळी रेशमी वस्त्रं, तिथे उतरून तीन प्रदक्षिणा घालायच्या, आणि त्याही आपल्यासारख्याच उजव्या हाताला ठेवून. आत्याने मनापासून घातल्या.

जेवणाचं सांगते कारण सगळे विचारतात. आत्या शाकाहारी. ड्रायव्हरदादांना हे सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर आजारी माणसाबद्दल वाटावी तशी काळजी दिसली. सगळीकडे मटण, खुशूर म्हणजे तळलेली चपटी करंजीसारखी मटणाची, बूझ म्हणजे वाफवलेली, त्सुइवान म्हणजे नूडल्स आणि त्यातही मटण. चहात दूध आणि मीठ, साखर नाही. आत्याने मेथीचे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी यांवर काढलं, आणि दही मात्र तिकडचं अप्रतिम. आयराग म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, ते आम्ही दोघांनी प्यायलं, आंबूस ताकासारखं लागतं आणि किंचित चढतं, नवरा म्हणतो नाही चढत.

वाटेत एलसेन तासारखाईला वाळूच्या टेकड्या लागतात, उंट लागतात, फोटो काढले, पुढे गेलो. रात्री गेरमध्ये, म्हणजे तो नमद्याचा गोल तंबू, मध्ये शेगडी. ऑगस्टमध्येही रात्री शेगडी लागते.

गुरुवार, खोशो त्सायदम

हा दिवस ज्यासाठी आलो तो. खारखोरिनपासून उत्तरेला साधारण पंचेचाळीस किलोमीटर, ओर्खोन नदीच्या खोऱ्यात, आणि हा रस्ता तुर्कस्तान सरकारने बांधून दिलाय. म्युझियमही त्यांनीच बांधलंय. कारण कळायला वेळ लागत नाही, तुर्कस्तानातल्या माणसासाठी हे त्याच्या भाषेचं सगळ्यात जुनं मोठं लिखाण आहे, आणि ते त्याच्या देशापासून पार लांब या माळावर उभं आहे. आमच्याबरोबरच तिकडच्या लोकांची एक बस आली होती, त्यातले एक आजोबा आत शिरले आणि दगडासमोर टोपी काढून बराच वेळ उभेच राहिले.

मूळ दगड आता म्युझियमच्या आत आहेत, बाहेर मूळ जागी प्रतिकृती. जागा दोन, एकमेकींपासून साधारण किलोमीटरभर. एक क्युल तिगिनची, एक त्याच्या थोरल्या भावाची, बिल्गे खागानची. यांचा बाप इल्तेरिश, ज्याने सतरा माणसांनिशी बंड सुरू केलं, सतराची सत्तर झाली, सत्तरची सातशे (हेच ते तोन्युकुकवाले सातशे), आणि चीनपासून राज्य सोडवलं. बाप गेला तेव्हा क्युल तिगिन सात वर्षांचा. मग काका कापागान गादीवर. काका ७१६ मध्ये मारला गेल्यावर क्युल तिगिनने चुलतभावाची बाजू कापून काढली आणि गादीवर स्वतः न बसता थोरल्या भावाला बसवलं. आपल्याकडच्या इतिहासात भाऊबंदकी एवढी वाचलीय की इथे मी दोनदा वाचून खात्री केली. ७३१ मध्ये धाकटा गेला, सत्तेचाळीस वर्षांचा, आणि ७३२ मध्ये थोरल्याने हा दगड उभा केला.

दगड सव्वातीन मीटरच्या वर उंच, करडा, वरती एकमेकांत गुंतलेले ड्रॅगन आणि ढालीसारख्या चौकटीत डोंगरी बकऱ्याची खूण, ती या राजघराण्याची. आता मजा अशी की दगडाच्या पश्चिमेच्या बाजूवर चिनी लेख आहे, खुद्द तांग सम्राट श्वानझोंगने लिहिलेला, सुंदर अक्षर, सरळ ओळी, आणि मजकूर म्हणजे शोकसंदेश. क्युल तिगिन हा खागानचा भाऊ, आणि खागान मला मुलासारखा, असं तो लिहितो. म्हणजे दुखवटाही आणि 'बाप कोण ते लक्षात असू द्या' हेही.

आणि उरलेल्या तीन बाजू तुर्की. दक्षिणेच्या बाजूला बिल्गे खागान आपल्या लोकांना जवळ बसवून बोलतो, माझं बोलणं शेवटपर्यंत ऐका. चिनी लोकांचं बोलणं गोड, रेशीम मऊ. गोड बोलून आणि मऊ रेशीम देऊन ते लांबच्या माणसांना जवळ ओढतात, आणि जवळ येऊन राहिलात की मग कपट करतात, त्या गोड बोलण्याला भुलून तुम्ही कितीतरी मेलात. ओत्युकेनच्या जंगलात (तुर्कांच्या राज्याचं केंद्र) राहा, व्यापाराचे तांडे पाठवा, तुम्हाला दुःख नाही. मग चिडतो, तुम्हाला भूक लागली की पोट भरल्याची आठवण नसते आणि पोट भरलं की भुकेची.

एकाच दगडावर! मागे सम्राटाचा प्रेमळ शोकसंदेश आणि बाजूला त्याच सम्राटाच्या लोकांपासून सावध राहा. आणि त्यावर कडी म्हणजे त्याच दक्षिण बाजूवर तो अभिमानाने सांगतो की हे काम करायला मी चिनी सम्राटाकडून कारागीर मागवले, त्याने माझा शब्द मोडला नाही, खास दरबारातले पाठवले. नवरा म्हणाला, "आत्या, म्हणजे ज्यांनी हे कोरलं त्यांना आपण काय कोरतोय ते कळत नसणार?" आत्या म्हणाली, "जावईबापू, ज्याला वाचता येत नाही तोच चुकीशिवाय कोरतो." हे खरं की खोटं देव जाणे.

मला यात ढोंग वाटलं नाही. त्याला शेजारी माहीत होता आणि रेशीमही हवं होतं. ७२७ मध्ये तिबेटच्या राजाने त्याला पत्र पाठवलं की चला मिळून चीनवर चालून जाऊ, तर या पठ्ठ्याने ते पत्र तसंच्या तसं चिनी सम्राटाकडे धाडलं, आणि बक्षीस म्हणून सरहद्दीवर बाजार मिळवला, घोडे द्यायचे आणि दरसाल काही लाख तागे रेशीम. म्हणजे लोकांना रेशमाची भीती घालणारा माणूस रेशमाचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक. आजकालच्या कुठल्याही देशाचं परराष्ट्र धोरण याहून वेगळं असतं असं मला तरी वाटत नाही.

पूर्वेची बाजू चाळीस ओळींची, ती सुरू होते वर निळं आभाळ आणि खाली तपकिरी धरती घडली तेव्हा दोघांच्या मध्ये माणसाची लेकरं घडली, इथपासून, आणि मग राज्य कसं गेलं, कसं मिळालं, आणि धाकट्याच्या लढाया. प्रत्येक लढाईत तो कुठल्या घोड्यावर होता हे लिहिलंय. घोडा मेला तर तेही. एका पांढऱ्या घोड्याची मांडी मोडली तेही. शेवटची लढाई अशी की ओगुझ या दुसऱ्या तुर्की टोळ्यांच्या लोकांनी छावणीवरच छापा घातला, क्युल तिगिनने नऊ जणांना मारलं आणि छावणी सोडली नाही, आणि इथे राजा म्हणतो, तो नसता तर आई, सावत्र आया, बहिणी, सुना, जिवंत राहिल्या त्या दासी झाल्या असत्या आणि मेल्या त्या वाटेवर पडून राहिल्या असत्या. मग एकदम, धाकटा भाऊ गेला. बघणारे माझे डोळे न बघितल्यासारखे झाले, जाणणारं मन न जाणल्यासारखं झालं. डोळ्यातून पाणी येतं ते अडवून, मनातून हुंदका येतो तो परतवून शोक केला. पुढे म्हणतो मला भीती वाटली, भाऊबंद, मुलं, सरदार, सगळ्यांचे डोळे रडून रडून खराब होतील. आपल्याकडे राजेलोकांच्या लेखात दानं असतात, बिरुदं असतात, वंशावळी असतात. रडणारा राजा मी तरी दगडावर पहिल्यांदाच वाचला.

हे प्रत्यक्ष लिहिलं त्यांच्याच नात्यातल्या योल्लुग तिगिनने, वीस दिवस बसून, आणि हेही त्याने दगडावर नोंदवून ठेवलंय. अक्षरं अशी की बाण वाटावा असा एक, फास वाटावा असा एक, सगळ्या सरळ रेघा आणि तिरक्या चिरा, वळणं कमी. शब्द संपला की दोन ठिपके, एकावर एक, विसर्गासारखे. वाचायचं उजवीकडून. आणि बऱ्याच व्यंजनांना दोन-दोन अक्षरं, जाड स्वराबरोबर (अ, ओ, उ) वेगळा ब आणि पातळ स्वराबरोबर (ए, इ) वेगळा ब, म्हणून अक्षरं अडतीसच्या आसपास होतात. युरोपातल्या लोकांना ती आपल्या उत्तरेकडच्या रून लिपीसारखी दिसली म्हणून नाव रूनिक पडलं, नातं काही नाही.

१८८९ मध्ये यादरिंत्सेव्हने हे दगड शोधले, मग फिन लोकांची मोहीम आली, मग रादलोव्हची रशियन मोहीम, आणि सगळे वाचायला झटत असताना मंगोलियात पाऊलही न ठेवलेल्या डेन्मार्कच्या विल्हेल्म थॉमसनने १८९३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ती घरबसल्या फोडली. चिनी बाजूवरून क्युल तिगिन हे नाव माहीत होतं, आणि 'तेंग्री' म्हणजे आभाळ किंवा देव, हा शब्द सापडला, तिथून कुलूप उघडलं.

बिल्गे खागानचा दगड शेजारीच, तुकड्यांतून जोडलेला. भाऊ गेल्यावर तीन वर्षांनी, ७३४ मध्ये त्याला त्याच्याच एका मंत्र्याने विष घातलं, मरायच्या आधी त्याने विष घालणाऱ्यांना मारलं, आणि ७३५ मध्ये मुलाने हा दगड उभारला. पुन्हा योल्लुग तिगिन, या वेळी एक महिना चार दिवस. बराच मजकूर धाकट्याच्या दगडावरचाच.

बाहेर ऊन आणि वारा. क्युल तिगिनच्या जागी दगड ज्यावर उभा होता ते कासव अजून आहे, पाठीवर चौकोनी खाच, तोंड झिजलेलं. मागे बळीच्या विधीची भलीमोठी शिळा, मध्ये गोल भोक. आणि पूर्वेला बालबाल म्हणतात ते उभे दगड, मारलेल्या शत्रूंच्या नावाने रोवलेले, जवळजवळ तीन किलोमीटर गेलेली रांग. आम्ही थोडं चाललो, मग आत्याचे गुडघे म्हणाले पुरे.

येताना खार बालगासला थांबलो, तुर्कांच्या मागून आलेल्या उइगुरांची राजधानी. त्यांनी तटबंदीचं शहर बांधलं, मातीच्या भिंती अजून उंच उभ्या आहेत. ८४० मध्ये किर्गिझ आले आणि एका फटक्यात सगळं गेलं. तोन्युकुक कुठूनतरी मान हलवत असणार.

शुक्रवार, त्सेत्सेर्लेग

हा दिवस आत्याचा हट्ट, पश्चिमेला अजून शंभरावर किलोमीटर. तिथल्या जुन्या मठात म्युझियम आहे आणि त्यात बुगुतचा दगड. हा पहिल्या तुर्की खानतीचा, म्हणजे ५८० च्या दशकातला, क्युल तिगिनच्या दीडशे वर्षं आधीचा, तुर्कांनी स्वतःची लिपी वापरायच्या आधीचा. कासवावर उभा. तीन बाजूंना सोग्दी, समरकंदकडच्या व्यापाऱ्यांची भाषा, आणि चौथ्या बाजूला ब्राह्मी!

हो, ब्राह्मी. नाणेघाटातल्या आणि कार्ल्याच्या लेखांच्या लिपीची दूरची नात, मध्य आशियातून फिरत गेलेली. आत्या त्या बाजूला जी बसली ती बसलीच. खूप झिजलंय, ओळी उभ्या जातात, आणि वळण आपल्याकडच्यापेक्षा वेगळं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "हा 'क' असावा गं. नसेलही." त्यापुढे काही नाही. अनेक वर्षं विद्वानांना वाटायचं की ब्राह्मी आहे म्हणजे संस्कृतच असणार. आता अलीकडे वाचलं गेलंय की भाषा मंगोल भाषांच्या कुळातली आहे, तुर्कांच्या आधी तिथे राज्य करणाऱ्या रौरान लोकांची. आत्याच्या मते हे जास्त भारी आहे, आपली लिपी तिकडच्या भाषेच्या कामाला आली. ज्या तास्पार खागानच्या काळाशी हा दगड जोडलाय त्याच्याकडे गांधारचा ज्ञानगुप्त नावाचा भिक्खू राहिला होता, खागान बुद्धाकडे वळलेला. आणि दीडशे वर्षांनी तोन्युकुक म्हणतो देवळं नकोत, लोक मवाळ होतील. आत्या तोन्युकुकवर या कारणासाठी जरा नाराज आहे.

पुढे ताइखार नावाचा एकटाच उभा प्रचंड खडक आहे, त्यावरही जुन्या रूनिक ओळी आहेत, पण त्यांच्यावर गेल्या काही वर्षांतल्या लोकांनी रंगाने आपापली नावं लिहून ठेवलीत. बदाम पण होता. गडांवर जाऊन आलेल्यांना वेगळं सांगायला नको.

शनिवार-रविवार, परत

सकाळी खारखोरिनला एर्देने झू मठ, १०८ स्तूपांची पांढरी भिंत, घाईत बघितला, मग दिवसभर गाडी. रविवारी उलानबातरचं राष्ट्रीय संग्रहालय. तिथे क्युल तिगिनचं संगमरवरी डोकं बघायला मिळालं, १९५८ मध्ये लुमीर यिस्ल या चेक संशोधकाच्या मोहिमेत सापडलेलं. मुकुटावर पुढे पंख पसरलेला पक्षी, डोळे बारीक, गाल भरलेले, नाकाचा शेंडा उडालेला. चेहरा शांत आहे, नऊ जणांना मारणाऱ्याचा वाटत नाही. शेजारच्या काचेत बिल्गे खागानच्या जागेवर २००१ मध्ये तुर्की-मंगोल उत्खननात सापडलेला खजिना, सोन्याचा मुकुट, चांदीची छोटी हरणं. मुकुटावरही पक्षीच, चोचीत खडा धरलेला.

कुणाला जायचं असेल तर जून ते सप्टेंबर, ऑक्टोबरनंतर थंडीचा विचारही करू नका. तोन्युकुक उलानबातरहून अर्ध्या दिवसात होतो, चंगेजचा पुतळा त्याच बाजूला आहे म्हणून दोन्ही जोडून करा. खोशो त्सायदमला निदान तीन तास ठेवा आणि लेखांचं भाषांतर आधी वाचून, मोबाइलमध्ये डाउनलोड करून न्या, कारण माळावर रेंज नाही आणि न वाचता गेलात तर ते फक्त दोन मोठे दगड आहेत. शाकाहारी असाल तर ठेपले मोजून न्या, आणि मग त्याच्या दुप्पट न्या, ड्रायव्हरदादांनाही आवडतात.